पोशिंद्याला न परवडणारं पान

२००९ साली मेलबर्नच्या फेडरल कोर्टात मर्क या औषध कंपनीवर खटला चालू होता. कंपनीचं व्हायॉक्स हे सांधेदुखीचं औषध घेतल्याने हृदयविकाराचा झटका आला, अशी रुग्णांची तक्रार होती. खटल्यात पुढे आलेल्या कागदपत्रांत 'ऑस्ट्रलेशियन जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट मेडिसिन' या नियतकालिकाचे अंक होते. वरवर पाहता त्यांत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. भारदस्त नाव, नामवंत डॉक्टरांचं सल्लागार मंडळ, लेखांखाली संदर्भ, सगळं जिथल्या तिथे. पण एका अंकातल्या २९ लेखांपैकी ९ व्हायॉक्सवर होते आणि १२ फोसामॅक्सवर. दोन्ही औषधं मर्कची, आणि सगळ्या लेखांचा सूर त्यांना अनुकूल. खर्च मर्कने केला होता. वाचणाऱ्या डॉक्टरला ते कळायला मार्ग नव्हता. आणि प्रकाशक कोण, तर एल्सव्हियर, वैद्यकीय प्रकाशनातलं जगातलं एक सर्वांत मोठं नाव. बोभाटा झाल्यावर त्यांनी मान्य केलं की २००० ते २००५ या काळात त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या कार्यालयाने औषध कंपन्यांच्या पैशावर अशी ६ नियतकालिकं काढली आणि पैसा कुणाचा ते वाचकाला सांगितलं नाही.

तोवर व्हायॉक्स बाजारातून गेलं होतं. ३० सप्टेंबर २००४ ला मर्कने ते जगभरातून मागे घेतलं. आपल्याकडे रोफेकॉक्सिब या मूळ नावाचं हे औषध अनेक कंपन्या विकत होत्या. त्यावर डिसेंबर २००४ मध्ये बंदी आली.

डॉक्टरांसाठी निघणाऱ्या नियतकालिकावर विश्वास टाकायचा की नाही, हे ठरवायचं तरी कशावरून? या प्रश्नावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत चौकशी समित्या बसल्या, संशोधन झालं, खटले झाले. ते सगळं एकत्र ठेवून पाहिलं की माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे वर येते. नाव, मंडळ, संदर्भ, नोंदणी क्रमांक या खुणा विकत मिळतात किंवा उसन्या आणता येतात. ज्याच्या पैशावर मासिक चालतं त्याला न परवडणारं काही त्या मासिकाने कधी छापलं आहे का, ही एकच खूण उसनी आणता येत नाही.

हा प्रश्न ग्रंथालयातला नाही. तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरचं टेबल डोळ्यांपुढे आणा. बाहेर बाकावर पेशंट दाटीवाटीने बसलेले. दोन पेशंटच्या मधे औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, आत येतो. त्याचा 'कॉल' दोन-तीन मिनिटांचा. बॅगेतून व्हिज्युअल एड काढून चार पानं भराभर उलटतो, आणि जाताना लिटरेचर, सॅम्पल आणि कधी एखाद्या मासिकाचा अंक ठेवून जातो. मासिक फुकट. मोठ्या जर्नलची वर्गणी परवडणारी नाही, कॉलेजातली पुस्तकं जुनी झालेली, रात्री नऊला दवाखाना बंद करून लांबलचक शोधनिबंध वाचण्याचं त्राण कुणात असतं? नव्या औषधाची खबर डॉक्टरपर्यंत पोचते ती बहुधा याच वाटेने. आणि त्यातून लिहून दिलेल्या औषधाचे पैसे मोजतो तो बाकावरचा माणूस, स्वतःच्या खिशातून. त्याने ते मासिक पाहिलेलंही नसतं.

या व्यवहाराचं पहिलं मोठं वस्त्रहरण अमेरिकेत झालं. १९५९ मध्ये 'सॅटर्डे रिव्ह्यू'चे विज्ञान संपादक जॉन लिअर यांनी फायझरच्या सिग्मामायसिन या अँटिबायोटिकची जाहिरात तपासली. जाहिरातीत अनेक डॉक्टरांची व्हिजिटिंग कार्डं छापली होती. हे सगळे डॉक्टर म्हणे याच औषधाला पसंती देतात. लिअर यांनी त्या पत्त्यांवर पत्रं धाडली. ती परत आली. त्या नावांचे डॉक्टर अस्तित्वातच नव्हते.

पुढे औषध उद्योगाची चौकशी करणाऱ्या सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीसमोर त्याहून गंभीर गोष्ट आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात अँटिबायोटिक विभागाचे प्रमुख असलेले हेन्री वेल्च हे अँटिबायोटिकवरच्या दोन नियतकालिकांचे संपादकही होते. ज्या कंपन्यांच्या औषधांना ते सरकारी टेबलावर मंजुरी देत, त्याच कंपन्या त्यांच्या नियतकालिकात जाहिराती देत आणि लेखांच्या हजारो प्रती विकत घेत. या उत्पन्नात वेल्च यांचा वाटा होता. १९५३ पासूनच्या वर्षांत त्यांना त्यातून २ लाख ८७ हजार डॉलर मिळाले. १९६० मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी आर्थर सॅकलर यांनी 'मेडिकल ट्रिब्यून' सुरू केलं. हे डॉक्टरांना घरपोच मिळणारं फुकट वृत्तपत्र औषधांच्या जाहिरातींवर चालत असे. सॅकलर स्वतः औषधांच्या जाहिराती करणाऱ्या एजन्सीचे मालक होते. बातमी देणारा आणि माल खपवणारा एकाच छपराखाली आले ते तेव्हापासून, आणि अजून वेगळे झालेले नाहीत.

आता एकेक खूण तपासू. आयएसएसएन या नोंदणी क्रमांकाने काहीच सिद्ध होत नाही. वाहनाच्या नंबरप्लेटवरून चालवणाऱ्याला गाडी येते की नाही हे जसं कळत नाही, तसंच हे. नियतकालिकाची ओळख पटावी म्हणून तो क्रमांक दिला जातो, आतल्या मजकुराची तपासणी कुणी करत नाही.

संपादक मंडळाचं काय? २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये एका पोलिश गटाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी अस्तित्वातच नसलेली एक विदुषी तयार केली, तिची पात्रता मुद्दाम अगदीच अपुरी ठेवली आणि तिच्या नावाने ३६० नियतकालिकांकडे संपादकपदासाठी अर्ज केले. ४८ नियतकालिकांनी तिला घेतलं. म्हणजे मंडळातलं माणूस खोटं असू शकतं. माणूस खरं असलं तरी काम खोटं असू शकतं: मेलबर्नच्या प्रकरणातल्या मंडळावरच्या एका सदस्याने सांगितलं होतं की आपल्याकडे तपासायला कधी एक लेखही आला नाही. आणि मत तरी त्याचं असतं का? २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेवर ५९ वा अहवाल दिला. नव्या औषधांची शिफारस करणारी, वेगवेगळ्या शहरांतल्या नामांकित तज्ज्ञांची पत्रं समितीला शब्दशः सारखी आढळली. मजकूर एकाच ठिकाणी तयार झालेला आणि सह्या वेगवेगळ्या, असा संशय समितीने उघडपणे नोंदवला आहे. तो अहवाल वाचल्यावर कुठल्याही मंडळाची यादी मी पूर्वीच्या भाबडेपणाने वाचू शकत नाही.

हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहाचं प्रकरण आपल्या घरचं. मंडळावर थोरामोठ्यांची नावं, कसोशीने तपासणी केल्याचा दावा, आणि लेखकांकडून मात्र नंतर उकळलेली फी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना कोर्टात खेचलं आणि २०१९ मध्ये नेवाडाच्या कोर्टाने ५ कोटी १ लाख डॉलरचा हुकूमनामा केला. इथे पोशिंदा औषध कंपनी नाही, प्रमोशनसाठी पेपर हवा असलेला प्राध्यापक आहे. जाहिरात नाही म्हणून मासिक स्वच्छ, असंही म्हणता येत नाही.

संदर्भांकडे मी थोडं जास्त थांबून पाहणार आहे, कारण डॉक्टरांना सर्वांत जास्त चकवा तिथेच बसतो. लेखाखाली बारीक टाइपात दहा-बारा संदर्भ दिसले की मजकुराला वजन येतं. स्पेनमध्ये एका गटाने रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवरच्या औषधांच्या जाहिरातींतले दावे घेतले, दाव्याखाली दिलेले मूळ निबंध मिळवले आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचले. २००३ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे काम आलं. १०२ दाव्यांपैकी ४४ टक्के दाव्यांना त्यांच्याच संदर्भाचा आधार नव्हता. बहुतेकदा निबंध एका प्रकारच्या रुग्णांवरचा असे आणि जाहिरात तेच औषध दुसऱ्याच रुग्णांना द्या म्हणत असे.

हीच युक्ती किती माणसांच्या जिवावर बेतू शकते ते अफूजन्य वेदनाशामकांच्या बाबतीत दिसलं. १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. इस्पितळात दाखल असताना ही औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याची फक्त ४ उदाहरणं सापडली, एवढंच त्यात म्हटलं होतं. पुढे बहुतेकांनी ते मूळ पत्र उघडून पाहिलेलं दिसत नाही. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये मोजदाद आली: ६०८ ठिकाणी या पत्राचा हवाला दिला गेला होता, त्यांतल्या ७२ टक्के ठिकाणी 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून, आणि ८१ टक्के ठिकाणी हे रुग्ण इस्पितळात दाखल होते हा शब्दही नव्हता. घरी बाटलीभर गोळ्या देण्याला इस्पितळातल्या चार डोसांचा दाखला जोडला गेला. जर्नलने त्या जुन्या पत्रावर आता सावधगिरीची टीप लावली आहे.

आकड्यांचा आणखी एक नमुना जवळून पाहू. लिपिटॉर या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या अमेरिकेतल्या जाहिरातीत ठळक टाइपात लिहिलेलं असे: हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्के कमी. आकड्यावर फुली, आणि खाली बारीक अक्षरांत फुलीचा खुलासा. त्या अभ्यासात औषध नसलेली गोळी घेणाऱ्या १०० पैकी ३ जणांना अटॅक आला, लिपिटॉर घेणाऱ्या १०० पैकी २ जणांना. ३६ टक्के खोटं नाही. पण शंभर माणसांनी काही वर्षं गोळी घेतली तर एकाचा अटॅक टळतो, हे वाक्य ऐकल्यावर समोरचा पेशंट जो निर्णय घेईल तो वेगळा असू शकतो. ज्या मासिकात कधीच दुसरं वाक्य येत नाही, नेहमी पहिलंच येतं, त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. संदर्भाच्या जागी 'डेटा ऑन फाइल' एवढंच लिहिलं असेल तर तो संदर्भ नव्हेच; माहिती कंपनीच्या कपाटात आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आता पैसा. जर्मनीत फॅमिली डॉक्टरांसाठी निघणाऱ्या ११ नियतकालिकांचे २००७ चे अंक एका गटाने तपासले. निष्कर्ष २०११ मध्ये कॅनडाच्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आले. काही मासिकं फुकट वाटली जाणारी, संपूर्ण जाहिरातींवर चालणारी. काही फक्त वर्गणीवर. औषधं तीच, वर्ष तेच, पुरावाही तोच. फुकट मासिकांनी ती औषधं वापरा असं जवळजवळ एकमुखाने सांगितलं. वर्गणीवर चालणाऱ्यांचा कल ती वापरू नका याकडे होता. या विषयावर मी जे वाचलं आहे त्यात यापेक्षा स्वच्छ पुरावा मला दिसलेला नाही. इथे कुणी लाच घेतली असं मानायची गरज नाही. संपादकाला कुठला लेख 'जमणार नाही' हे न सांगता कळतं, आणि न छापलेल्या लेखाची नोंद कुठेही राहत नाही.

जे छापतात त्यांना काय मोजावं लागतं? अमेरिकेतल्या 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'ने १९९२ मध्ये एक अभ्यास छापला. नामवंत जर्नलांतल्या औषधांच्या १०९ जाहिराती त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या होत्या. केवळ या जाहिरातीवर भिस्त ठेवली तर डॉक्टर चुकीचं औषध लिहील, असं मत ४४ टक्के जाहिरातींबद्दल पडलं. जाहिराती औषध कंपन्यांच्या, आणि ज्यात हे छापलं ते जर्नलही त्यांच्याच जाहिरातींवर पोसलेलं. कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि जर्नलचं उत्पन्न झपाट्याने घसरलं. तेव्हाचे संपादक रॉबर्ट आणि सुझान फ्लेचर या दांपत्याने पुढे याबद्दल लिहिलं आहे. त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो. पोशिंद्याला न परवडणारं पान म्हणतो ते हेच.

जाहिरात निदान जाहिरात म्हणून ओळखू येते. 'बीएमजे'चे माजी संपादक रिचर्ड स्मिथ यांनी २००५ मध्ये लिहिलं की खरी अडचण जाहिरातींची नाही, कंपनीच्या पैशाने झालेल्या चाचण्यांची आणि त्यांच्या रिप्रिंटची आहे. ते पटतं. व्हायॉक्सवरची व्हिगर ही चाचणी २००० मध्ये 'न्यू इंग्लंड'मध्ये आली आणि त्या जर्नलने तिच्या ९ लाखांहून अधिक प्रती विकल्या, बहुतेक मर्कलाच. हार्ट अटॅकची काही प्रकरणं त्या निबंधात आलीच नव्हती, हे जर्नलने जाहीरपणे सांगितलं ते डिसेंबर २००५ मध्ये. तोवर त्या प्रती डॉक्टरांच्या हाती कधीच पोचल्या होत्या. आपल्याकडे याला आणखी फाटे आहेत: पुरवणी अंक, डॉक्टरची मुलाखत म्हणून आलेली इस्पितळाची जाहिरात, मासिकातर्फे पुरस्कार आणि पुरस्कार सोहळ्याचे प्रायोजक. डॉक्टरने स्वतःची जाहिरात करू नये, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट आहे. मुलाखतीच्या वेषात ती चालून जाते.

मोठी नावंही चुकतात. 'लॅन्सेट'ने वेकफील्ड यांचा १२ मुलांवरचा निबंध १९९८ मध्ये छापला, गोवराच्या लसीबद्दल जगभर भीती पसरली, आणि निबंध मागे घेतला गेला २०१० मध्ये. त्याच 'लॅन्सेट'ने २२ मे २०२० ला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा निबंध छापला आणि माहितीचा उगमच संशयास्पद निघाल्यावर ४ जूनला मागे घेतला. पहिल्या वेळी १२ वर्षं, दुसऱ्या वेळी १३ दिवस. म्हणून चूक झाली का यापेक्षा चूक कुठे आणि किती लवकर छापली, हे मी जास्त पाहतो. व्यावसायिक मासिकांपुढे हा निकष ठेवला की त्यांतली बरीचशी कोरी निघतात: वर्षानुवर्षांच्या अंकांत एकही दुरुस्ती नाही. वैद्यकशास्त्रात असं होऊ शकत नाही.

मग दुसरी वाट आहे का? आहे, आणि ती जुनी आहे. न्यूयॉर्कचं 'मेडिकल लेटर' १९५९ पासून एकही जाहिरात न घेता निघतं. फ्रान्सचं 'प्रेस्क्रीर' १९८१ मध्ये सुरू झालं आणि १९९२ पासून फक्त वर्गणीदारांच्या पैशावर चालतं. खऱ्या अर्थाने उपयोगी नव्या औषधाला ते दरवर्षी 'सोन्याची गोळी' हा मान देतं. लायक औषध मिळालं नाही तर देत नाही, आणि अशी वर्षं बरीच आहेत. मेदिआतोर हे मधुमेहाचं औषध फ्रान्समध्ये भूक मारण्यासाठी सर्रास वापरलं जात होतं. ते बाजारात असतानाच 'प्रेस्क्रीर' त्याविरुद्ध लिहीत होतं. इरेन फ्राशों या डॉक्टरांनी हृदयाच्या झडपांना होणारी इजा सिद्ध केली आणि २००९ मध्ये औषध गेलं. अशा स्वतंत्र औषध-बुलेटिनांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८६ पासून आहे.

आपल्याकडे अगदीच वाळवंट नव्हतं. मेडिको फ्रेंड सर्कलचं बुलेटिन १९७६ पासून निघू लागलं. अनंत फडक्यांसारख्या पुण्याच्या डॉक्टरांनी त्या चळवळीतून अनावश्यक औषधांविरुद्ध सातत्याने लिहिलं. मुंबईतून १९९३ मध्ये 'मेडिकल एथिक्स' निघालं, तेच आजचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'. आणि व्यावसायिक प्रकाशन असूनही विश्वास कमावता येतो याचं उदाहरण म्हणून 'मिम्स इंडिया'चं नाव घ्यावंच लागेल. औषधांच्या किमती आणि नावं पाहायला डॉक्टर टेबलावर ठेवतात ते हे पुस्तक. संपादक चंद्र गुल्हाटी यांनी त्यात औषध नियंत्रकांच्या कारभारावर वर्षानुवर्षं बोट ठेवलं. स्तनाच्या कर्करोगाचं लेट्रोझोल वंध्यत्वासाठी परवानगीविना दिलं जात असल्याचं त्यांनी मांडलं; २०११ मध्ये त्या वापरावर बंदी आली. पुढच्या संशोधनाचा कौल औषधाच्या बाजूने गेला आणि बंदीही उठली. पण परवानगीआधी पुरावा मागण्याचा गुल्हाटींचा हट्ट रास्तच होता. विश्वासार्ह माणसाचं प्रत्येक भाकीत खरं ठरावं लागत नाही.

हातातल्या अंकाची परीक्षा डॉक्टर पाच मिनिटांत करू शकतो. मार्चचा अंक काढावा. मालक-प्रकाशकाचं निवेदन त्यात बहुधा असतं. भांडवलात वाटा कुणाचा, ते तिथे पाहावं. ती नावं जाहिरातींतल्या नावांशी ताडून पाहावीत. मग जाहिराती. मार्च २०२४ मध्ये केंद्राने आणलेल्या औषध विक्रीच्या आचारसंहितेत 'सेफ' हा शब्द बिनशर्त वापरायला मनाई आहे, आणि देशात वर्षभराहून जास्त काळ मिळणाऱ्या औषधाला 'नवीन' म्हणता येत नाही. हे दोन शब्द अंकात कितीदा येतात ते मोजावं. ज्या औषधाची पानभर जाहिरात आहे त्यावर त्याच अंकात लेख आहे का, आणि लेखात किंमत व दुष्परिणाम आहेत का, हे पाहावं. संहितेची अंमलबजावणी कंपन्यांच्याच संघटनांच्या समित्यांकडे असल्याने तिचा धाक फारसा नाही. वाचणाऱ्याने तरी ती वापरावी.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरला ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. ते बहुतेक सीएमईतून, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांतून, मिळतात, आणि सीएमईच्या हॉलबाहेर कुणाचे स्टॉल असतात ते सर्वांना ठाऊक आहे. जाहिरात न घेणारं, वर्गणीवर चालणारं, मराठीत सारांश देणारं औषध-बुलेटिन वाचून त्यावरची प्रश्नपत्रिका सोडवणाऱ्याला कौन्सिलने यातले काही पॉइंट द्यावेत, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या अंकाचं काम समोर आहे. १० मार्च २०१६ ला केंद्राने ३४४ मिश्रण-औषधांवर बंदी घातली, आणि कोर्टकचेरी होऊन २०१८ मध्ये ३२८ वर ती पुन्हा आली. त्यातली कित्येक औषधं आपल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं रोज लिहिली होती. बंदीआधीच्या १० वर्षांत ती कोणत्या मासिकांत जाहिरात म्हणून आली, कोणत्या मासिकांत त्यांच्याविरुद्ध लेख आला, हे जुने अंक चाळून कुणीतरी नावांसकट मोजायला हवं.